पाळण्यापाशी पोथी कधी पोहोचली? सीनाकाठच्या वाचनाचा हजार वर्षांचा प्रवास

१/
सोलापूर जिल्ह्यात सीना आणि भीमा यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा एक लेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या कालोल्लेखित शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्याच्या मराठी वाक्याचा रूढ अर्थ असा लावला जातो, की जो हे वाचील तो विजयी होईल. मराठीच्या अगदी आरंभीच्या लिखित वाक्यांपैकी एक वाक्य वाचणाऱ्याला आशीर्वाद देणारे आहे.

२/
हीच सीना कुडलला पोहोचण्याआधी मोहोळ तालुक्यातून वाहते. पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ तिला ओलांडतो. या नदीकाठच्या गावांत गेल्या हजार वर्षांत किती बाळे जन्मली, याची मोजदाद नाही. पण एक प्रश्न विचारता येतो. दगडावरचा तो आशीर्वाद पाळण्यापर्यंत केव्हा पोहोचला? तान्ह्या बाळाला पुस्तक वाचून दाखवावे, असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोहोळच्या घरात ही गोष्ट शक्य होण्यासाठी काय काय घडावे लागले?

३/
उत्तर शोधताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली, बाळाच्या कानाशी असलेला आवाज. दुसरी, मोठ्याने वाचली जाणारी पोथी. तिसरी, बाळाच्या उशाशी ठेवलेला कागद. या तिन्ही गोष्टी मराठी घराला शतकानुशतके ठाऊक होत्या. मात्र त्या तीन निरनिराळ्या हातांत होत्या. त्या एका हातात कशा आल्या, हाच या धाग्याचा विषय.

४/
प्रथम कागद. जन्मानंतरच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, बायका जागरण करतात. अनेक घरांत बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. रात्री सटवाई येते आणि बाळाचे भविष्य लिहून जाते, ही श्रद्धा. ‘सटवीचा लेख चुकत नाही’ असे जुनी माणसे म्हणतात, ते यावरूनच.

५/
या प्रथेकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ज्या घरात एकाही व्यक्तीला अक्षर येत नव्हते, तेथेही बाळाच्या पहिल्या आठवड्यात लेखणी उशाशी येत असे. लिहिणारी देवी होती आणि लिहिलेले कुणालाही वाचता येत नसे. अक्षर म्हणजे नशीब, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या हाती, हा अनुभव त्या कोऱ्या कागदात साठलेला होता. महसुलाचा हिशेब आणि सावकाराची वही ज्यांना स्वतः वाचता येत नव्हती, त्या कुटुंबांना हा अनुभव नित्याचाच होता.

६/
आता आवाज. बाराव्या दिवशी बारसे होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, ‘कुर्रर्र’ करते आणि इतर बायका तिच्या पाठीत हलके धपाटे घालतात. त्यानंतर पाळणा म्हटला जातो. मराठीत ‘पाळणा’ हे वस्तूचे नाव आहे आणि गीतप्रकाराचेही. पहिल्या दिवशी काय घडले, दुसऱ्या दिवशी काय घडले, असे एकेक दिवस मोजत त्यात बाळाची कथा पुढे सरकते.

७/
म्हणजे पाळणा हे केवळ झोपवण्याचे गाणे नव्हे. त्यात क्रम आहे, पात्रे आहेत, प्रसंग आहेत. रामाचा पाळणा रामनवमीला, कृष्णाचा गोकुळाष्टमीला गातात. पुढे शिवरायांचे पाळणे आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही आले. प्रत्येक समाजाने आपल्याला मोलाचा वाटणारा इतिहास या घाटात बसवला आणि बाळाच्या कानी घातला. इतिहासाचे पहिले पुस्तक म्हणता येईल असे काही या बाळांना मिळाले असेल, तर ते हेच. त्याला पाने नव्हती, एवढेच.

८/
या आवाजाची परंपरा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. सोलापूरचा मुलूख त्या काळी याच चालुक्यांच्या राज्यात होता. राजाच्या ग्रंथात ओवीची नोंद झाली, तेव्हा ती उखळापाशी आधीच रुळलेली होती.

९/
ओवी कांडणाला होती, तशी दळणालाही होती. पहाटे जाते सुरू होई आणि बाळ मांडीवर किंवा शेजारच्या झोळीत असे. जात्याची घरघर आणि तिच्यावर तोललेली ओवी, हाच अनेक पिढ्यांच्या बाळांचा पहिला ध्वनी. त्यात माहेर होते, भाऊ होता, पंढरी होती, सासरचा जाच होता. आणि बाळही होते. बाई आपले मन जात्यापुढे मोकळे करी. बाळ हा तिचा पहिला श्रोता.

१०/
तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी ओवीचाच घाट निवडला. बायकांच्या कामाच्या गाण्याशी नाते सांगणारा छंद अशा रीतीने मराठीच्या थोर ग्रंथाचा छंद झाला. पण ज्या स्त्रियांकडे हा छंद होता, त्यांतील बहुतेकींना तो ग्रंथ स्वतः वाचता येणार नव्हता. छंद ग्रंथात शिरला, छंदवाली बाहेर राहिली. मराठी वाचनाच्या इतिहासातील ही मोठी विसंगती आहे.

११/
मग ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला कसा? कानांवाटे. छपाईपूर्व काळात पोथी ही मोठ्याने वाचण्याची वस्तू होती. चातुर्मासात गावात पोथी लागे. एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि मंडळी ऐकत. मोहोळच्या शेजारी पंढरपूर आहे, त्यामुळे कीर्तन आणि भजन तर दाराशीच होते. मोहोळ आणि जवळचे वडवळ ही नागेश संप्रदायाचीही स्थाने. या संप्रदायाच्या शिष्यपरंपरेत आलमखान हा मुसलमान शिष्यही सांगितला जातो. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता यावे, अशी अट यांपैकी कशालाही नव्हती.

१२/
पोथीला बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हे मूल असे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून ‘बाळाच्या कानावर वाचन पडणे’ ही गोष्ट मराठी मुलखात नवी नाही. पण पोथी वाचणारा पुरुष होता, बहुतेक वेळा विशिष्ट जातीचा होता आणि तो बाळासाठी वाचत नव्हता. बाळ तेथे योगायोगाने होते. बाळासाठी जे खास म्हटले जाई, ते आईकडून आणि आजीकडून, पाठांतरातून. पोथी आणि पाळणा एका घरात नांदत होते, पण त्यांची ओळख व्हायची होती.

१३/
छापखान्याने निम्मे अंतर कापले. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ प्रसिद्ध झाले. ‘बाळमित्रा’चे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाचे. पुढे १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’, १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’, १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ ही मुलांची मासिके निघाली. दरम्यान १८६० मध्ये लोहमार्ग मोहोळवरून सोलापूरला पोहोचला होता. पुस्तके आणि वर्तमानपत्रे आता गाडीने येऊ शकत होती.

१४/
मात्र या साऱ्या पुस्तकांचा ‘बाळ’ हा शाळेत जाणारा, बहुधा मुलगा होता. पाळण्यातल्या बाळाला पुस्तक वाचून दाखवायचे, तर वाचणारी आई हवी. आणि आई वाचणारी होऊ नये, याची समाजाने कडेकोट तजवीज केलेली होती. शिकलेल्या स्त्रीला वैधव्य येते, ही समजूत घराघरांत होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, तेव्हा विरोध इतका झाला की त्यांनी गंगामूळच्या अरण्यात जाऊन संसार मांडला.

१५/
त्याच अरण्यात १८५८ साली त्यांची धाकटी मुलगी जन्मली आणि ती आईकडून संस्कृत शिकली. ती पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झाली. वाचणाऱ्या आईच्या हाती मूल सोपवले तर काय घडते, याचा एकोणिसाव्या शतकातील हा ठळक दाखला. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तिचे मोलही या बाजूने पाहायला हवे. शाळेत आलेली प्रत्येक मुलगी ही उद्याच्या एका पाळण्यापाशी बसणारी वाचक होती.

१६/
घरातला विरोधही कमी नव्हता. १८७३ मध्ये विवाह होऊन रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे यांनी शिकवायला आरंभ केला, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांनीच त्यांना टोचून बोलायला सुरुवात केली. हे त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ या पुस्तकात नोंदवले आहे. पुण्याच्या सुशिक्षित वाड्यात ही स्थिती असेल, तर सीनाकाठच्या कुणबी, धनगर, महार, मांग वस्त्यांत अक्षर किती दूर होते, हे निराळे सांगावे लागत नाही.

१७/
आकडे बोलके आहेत. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील स्त्रियांची साक्षरता ०.६ टक्के होती. हजारांत सहा. उरलेल्या ९९४ जणींपाशी काहीच नव्हते का? जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण घ्यावे. जन्म १८८०, अक्षरओळख नाही. त्यांचा मुलगा सोपानदेव याने शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांना वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ती कथा आईच्या मुखी ओवी होऊन आली, अशी आठवण सांगितली जाते.

१८/
येथे वाचनाची दिशा उलटी आहे. लेकरू वाचते, आई ऐकते आणि ऐकलेल्याचे सोने करते. सोपानदेव आणि एका मावसभावाने टिपून ठेवली, म्हणून ती गाणी उरली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. ज्यांच्या घरी कुणी सोपानदेव नव्हता, त्यांचा शब्द जात्याच्या पाळीत पिठासारखा सांडून गेला.

१९/
ते सांडलेले गोळा करण्याचे कामही महाराष्ट्रात झाले. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले आणि १९४० मध्ये ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातून बायकांच्या ओव्या छापल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे मोठे संकलन केले. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या. तोवर गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. बायकांच्या खांद्यांना विश्रांती मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण ओवीची पहाट त्याबरोबर गेली.

२०/
याच काळात दुसऱ्या टोकाकडून पुस्तक लहान मुलाच्या जवळ सरकत होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला ‘विकासवाडी’ उभी राहिली. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदत. मोठ्या बहिणीला शिकता यावे म्हणून तिच्या कडेवरचे भावंडही शाळेच्या छपराखाली आले.

२१/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगावी पोहोचला. मोहोळ तालुक्यातील कुठल्याही गावात आज तो नव्याने समजावून सांगावा लागत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे गाणी आणि गोष्टी मिळतात. तीन वर्षांखालील बाळासाठी मात्र योजनेचा भर आहार, लसीकरण आणि आरोग्य यांवरच राहिला. पाळण्यातले बाळ पुन्हा घरच्या आवाजावरच अवलंबून.

२२/
नेमके तेव्हाच विज्ञानाने या आवाजाकडे लक्ष दिले. १९८६ मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काही स्त्रियांनी एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर काही तासांनी किंवा दिवसांनीच बाळे चोखणीच्या लयीवरून तीच गोष्ट ओळखत असल्याचे दिसले. दुसऱ्या बाईने वाचली तरीही.

२३/
मराठी वाचकाला येथे अभिमन्यू आठवेल, कयाधूच्या पोटातला प्रल्हादही आठवेल. पण घाईने ‘आपल्याला हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणू नये. त्या बाळांना गोष्टीचा अर्थ कळला नव्हता. चक्रव्यूहाचा भेद शिकणे दूरच. त्यांनी ओळखली ती लय, पुनरावृत्ती, स्वरांचा चढउतार. आणि याच तीन गोष्टी ओवीत आणि पाळण्यात ठासून भरलेल्या असतात. प्रयोगाने पुराणकथा सिद्ध झाली नाही. निरक्षर आजीने जे दिले होते, त्याची किंमत मात्र त्यातून कळली.

२४/
पुढे १९८९ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तके देण्याचा उपक्रम सुरू केला. १९९२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमला बाळांच्या हाती पुस्तके देणारा ‘बुकस्टार्ट’ सुरू झाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने जन्मापासूनच मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली. हा सल्ला आता मराठी घरांपर्यंत आला आहे. तो उपयुक्त आहे. पण तो देताना एक चूक सहज होते. वाचता न येणाऱ्या आईला आपल्याकडे बाळासाठी देण्यासारखे काहीच नाही, असे वाटू लागते.

२५/
इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. पुस्तकाने जी नवी भर घातली ती शब्दसंग्रहाची, चित्रांची, घराबाहेरच्या जगाची, आणि ‘अक्षर आपलेही आहे’ या जाणिवेची. ही भर मोठी आहे आणि प्रत्येक बाळाचा तिच्यावर हक्क आहे. पण ज्या पायावर ती उभी राहते तो पाया, म्हणजे मांडी, आवाज आणि लय, निरक्षर बायकांनीच घातलेला आहे. सीनाकाठच्या मुलखात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही घरांत बोलल्या जातात. कन्नड घरात अंगाईला जोगुळ म्हणतात. भाषा बदलली तरी पाया तोच.

२६/
२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्री-साक्षरता सुमारे ७६ टक्क्यांवर गेली. हजारांत सहा होत्या त्या काळापासून ११० वर्षांचे हे अंतर. २०१६ च्या महिलादिनी ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावात ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, आणि गुलाबी नऊवारी नेसलेल्या साठी-सत्तरीच्या बायका पाटी घेऊन बसल्या. पाळणे त्यांना तोंडपाठ होतेच. आता त्या अक्षरेही गिरवू लागल्या.

२७/
आवाज, पोथी आणि कागद या तीन गोष्टी एका हातात येणे म्हणजे हेच. मोहोळच्या एखाद्या घरात आज पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवली जात असेल. फरक इतकाच, की त्या बाळाच्या आईला स्वतः लिहिता-वाचता येण्याची शक्यता आज मोठी आहे. जो वाचील तो विजयी होईल, असे कुडलच्या दगडावर कोरले गेले त्याला हजार वर्षे झाली. त्या वाक्यातला ‘जो’ हा शब्द ‘जी’ व्हायला त्यांतली बहुतेक वर्षे लागली.